कडू काढ्याची वहिवाट

सन १८८८ मध्ये हैदराबादेत, निजाम मीर महबूब अली खान यांच्या खजिन्यातून खर्च होऊन, क्लोरोफॉर्म हुंगवण्यात जिवाला धोका कितपत आहे याचा निर्णय करण्यासाठी एक आयोग बसला. त्याचा निष्कर्ष विलायतेतील वैद्यकवर्गाला पटेना म्हणून पुढल्याच वर्षी दुसरा बसला, आणि त्यात भाग घेण्यास ‘लॅन्सेट’ या प्रख्यात नियतकालिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांच्यासारखा मातब्बर तज्ज्ञ धाडला. राजधानीत असा अद्ययावत शास्त्रार्थ रंगला असता त्याच दौलतीच्या मराठी मुलखात, म्हणजे गोदाकाठच्या नांदेडात, मांजरा आणि मन्याड यांच्या खोऱ्यांत, लातूर, औसा, उदगीर, निलंगा या कसब्यांत, थंडी वाजून ताप भरलेल्या माणसासमोर जे येत असे ते मातीच्या मडक्यात आटवलेले, काळसर तपकिरी, घोटासरशी तोंड वेडेवाकडे करायला लावणारे किराइताचे वा गुळवेलीचे पाणी. क्लोरोफॉर्मच्या आयोगाचे अहवाल छापले गेले, त्यांवर वाद झाले. काढ्याचा अहवाल कोणी लिहिला नाही, कारण त्यासाठी कोणत्याही दफ्तरात सदरच नव्हते.

या काढ्याविषयी पुढे जे लिहिले गेले तेही बहुधा दोनच तऱ्हांनी: एक तर पूर्वजांच्या प्रज्ञेचा जयजयकार करण्यासाठी, नाही तर त्यांच्या अज्ञानाची कीव करण्यासाठी. दोहोंतही एक साधा प्रश्न अनुत्तरित राहतो. वस्तू इतकी बेचव, तिचा गुण इतका संथ, आणि पिणाऱ्यांत पोरेबाळे, बाळंतिणी, दिवसभर शेतात राबून आलेले गडी असे सर्व. मग माणसे ती दिवसेंदिवस आणि पिढ्यानुपिढ्या पीत राहिली कशी? श्रद्धा होती म्हणून, हे उत्तर मला अपुरे वाटते. श्रद्धेने माणूस पहिला घोट घेतो. सातव्या दिवशीचा घोट घ्यायला श्रद्धेखेरीज आणखी काही बंदोबस्त लागतो, आणि तो बंदोबस्त या मुलखाने मोठ्या कसोशीने करून ठेवला होता.

प्रथम मालाचा विचार करू. नांदेडच्या ईशान्येस पैनगंगेच्या आश्रयाने पसरलेले किनवट-माहूरचे सागवानी रान हे या प्रांताचे औषधी कोठार. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत किनवटचा हा भाग आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. पण हिरडा, बेहडा, आवळा, बिब्बा आणि डिंक घेऊन बाजारला येणाऱ्या गोंड, कोलाम, आंध, बंजारा या लोकांना जिल्ह्याच्या सरहद्दीचे सोयरसुतक नव्हते. कडुलिंबासाठी तर रानात जाण्याचेही कारण नव्हते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत दुसरे झाड तग धरो न धरो, बांधावर, पारावर आणि वेशीत लिंब उभाच. गुळवेल कुंपणावर चढलेली असे, आणि लिंबावर चढलेली मिळाली तर ती अधिक गुणाची, याविषयी वैद्य आणि हकीम या एरवी एकमेकांकडे पाठ करून बसणाऱ्या दोन पक्षांचे एकमत होते.

परंतु कडूपणाचा खरा सरदार जो किराईत, त्याची अस्सल जात हिमालयाच्या उतारावरची. कुटकी आणि अतिविषही तिकडचीच. हा माल दूरवरून हात बदलत बदलत दक्षिणेत उतरे, आणि साहजिकच महाग पडे. मनमाडहून निघालेला हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास नांदेडवरून राजधानीस भिडला, आणि बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळवाट १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. तेव्हापासून लातूरच्या आडतीतून तूर, हरभरा, करडई बाहेर जाऊ लागली आणि परतीच्या डब्यांतून इतर किराण्याबरोबर या काष्ठौषधींची पोतीही येऊ लागली. तोवर, आणि गरिबाघरी त्यानंतरही, किराइताचे काम काडेचिराइतावर भागत असे. ही खुरटी, हिरवी, आपल्याकडेच उगवणारी वनस्पती. कुळाने अगदी निराळी, पण जिभेवर ठेवली तर हिमालयवासी नामधारकाला हार न जाणारी. अत्ताराच्या दुकानात अत्तराच्या कुप्या आणि औषधी मुळ्यांचे डबे एकाच फळीवर नांदत, आणि गिऱ्हाईक पुडी बांधण्यापूर्वी एक काडी दाताखाली धरून पाही. काडी पुरेशी कडू लागली नाही तर माल जुना, किडका किंवा भेसळीचा. ज्या काळी औषधाच्या प्रतीची दुसरी कोणतीही कसोटी सामान्य माणसाच्या हाती नव्हती, त्या काळी कडूपणा हाच सच्चेपणाचा दाखला होता. हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या आज्या गोड औषधाकडे इतक्या संशयाने का पाहत याचा उलगडा होतो.

आता शास्त्राकडे वळू. काढ्याची कृती शार्ङ्गधराने ज्या शब्दांत घालून दिली तीच थोड्याफार फरकाने घरोघर चालत आली: भरड केलेल्या औषधाच्या सोळापट पाणी घ्यावे, मातीच्या भांड्यात मंदाग्नीवर ठेवावे, आणि अष्टमांश उरले म्हणजे उतरवावे. त्याच ग्रंथातील सुदर्शन चूर्णात पन्नासहून अधिक द्रव्ये असून, इतर सर्वांचे जे वजन भरेल त्याच्या निम्मे एकटे किराईत घालावयाचे, असा दंडक आहे. म्हणजे चूर्णाच्या तीन भागांत एक भाग निखळ कडू, आणि उरलेल्या दोहोंतही कुटकी, लिंब, गुळवेल अशी मंडळी बसलेली. वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा ग्रंथ सांगतो की तिक्त रस स्वतः अरुचिकर असला तरी अरुचीचा नाश करणारा आहे. तापातून उठलेल्या, अन्नावरची वासना उडालेल्या माणसाला या विधानातील विरोधाभास समजावून सांगावा लागत नसे. या वाग्भटाच्या ग्रंथावर तेराव्या शतकात ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिणारा पुरुष याच मराठवाड्यातला: देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री. व्रते, दाने आणि श्राद्धे यांचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड संग्रह करणारा हेमाद्री तोच, आणि हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. कारण औषध आणि व्रत यांची गाठ मारूनच या प्रांताने कडू घोट गळ्याखाली उतरवला.

त्याचे ठळक उदाहरण चैत्र शुद्ध प्रतिपदेचे. पंचांगवाले वर्षफलाच्या पानावर आजही सांगतात की या दिवशी लिंबाची कोवळी पाने फुलांसह घेऊन मिरे, मीठ, हिंग, जिरे आणि ओवा यांबरोबर वाटून रोगशांतीसाठी खावीत. देशावर बहुतेक ठिकाणी याची चिंच-गूळ घातलेली चटणी होते. नांदेड-लातूरकडे मात्र पुष्कळ घरांत तिचे पेय होते, चिंचेच्या कोळात गूळ विरघळवून त्यात लिंबाचा मोहर सोडलेले. याचे कारण भूगोलात आहे. देगलूर आणि बिलोली यांच्या शिवेपलीकडे तेलुगू मुलूख, तेथे उगादीला षड्रसांची पचडी. उदगीर-निलंग्याच्या पलीकडे बीदरचा कानडी मुलूख, तेथे ‘बेवु-बेल्ला’, म्हणजे लिंब आणि गूळ. तीन भाषांचे लोक एकाच सकाळी एकाच झाडाचा कडूपणा तोंडात घेतात, आणि प्रत्येकजण तो आपलाच खास कुलाचार समजतो.

या रिवाजाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. तिथी ठरलेली, म्हणजे ‘उद्या घेईन’ म्हणण्यास वाव नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी आधी घ्यावयाचे, म्हणजे लहानांस तक्रारीला जागा नाही. मात्रा नखाएवढी किंवा पळीभर, म्हणजे भीतीला कारण नाही. गूळ आतच घातलेला, आणि पाठोपाठ पुरणपोळी वा श्रीखंड वाढण्याचा वायदा, म्हणजे जिभेची बोळवण रास्त. शिवाय शेजारीपाजारी, सोयरेधायरे सर्वांनी तेच घेतलेले. आपणच तेवढे न घेतल्यास वर्षभर घरातले प्रत्येक आजारपण आपल्या नावावर खतावले जाणार, ही धास्ती वेगळीच. वर्षातून एकदा पळीभर लिंब खाल्ल्याने वर्षभराचे आरोग्य लाभते असे मी म्हणणार नाही, आणि म्हणू नये. पण ज्या पोराने दरसाल पाडव्याला ही परीक्षा दिली, ते आषाढात हिवताप भरला असता सात दिवसांच्या काढ्याला तितकेसे बिचकत नसे. पाडवा ही रंगीत तालीम होती, आणि तालमीचा उपयोग प्रयोगाच्या दिवशी होई.

एरंडेलाचे प्रकरण मात्र इतके सोज्वळ नव्हते. निजामाच्या राज्यात एरंडीचे पीक हिंदुस्थानात सर्वांहून अधिक निघे. त्या तेलावर दिवे जळत, गाड्यांच्या चाकांना वंगण मिळे, आणि पोरांची पोटेही साफ होत. सुंठीच्या काढ्यात किंवा पुढे चहाच्या कपात ते तरंगत येई, बाप हात धरी, आजी नाक दाबी, आणि जे काही घडे त्यास संमती म्हणणे अवघड आहे. येथे बंदोबस्ताचे रूपांतर जुलमात होई. जुन्या काळाचे गोडवे गाताना ही बाजू झाकून ठेवण्याची जी चाल पडली आहे, ती मला पसंत नाही.

याच्या उलट, तान्ह्या मुलाच्या बाळगुटीत हिशेबाची जी नजाकत होती तिला तोड नाही. सहाणेवर आईच्या दुधात हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, सागरगोटा, अतिविष, खारीक, बदाम एकामागून एक उगाळावयाचे; मात्रा तराजूत मोजायची नाही, तर वेढ्यांत. हळकुंडाचे दोन वेढे, हिरड्याचा एक, वेखंडाचा अर्धा. पोट बिघडले तर मुरुडशेंगेचा एक वाढवायचा, झोप लागेना तर जायफळाचा किंचित. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिच्या हाताला हे प्रमाण पाठ असे, आणि ते लेकीला, सुनेला सहाणेशेजारी बसवूनच शिकवले जाई. हे सर्व बोंडल्यातून बाळाच्या ओठांत जाई तेव्हा गोडही लागत नसे आणि फारसे कडूही. माणसाच्या जिभेला कडूची सवय लावण्याचा आरंभ असा चोरपावलांनी होई.

वैद्यांची ही वाट चालू असता सरकारची मर्जी मात्र दुसरीकडे होती. दौलतीची राजमान्य देशी चिकित्सा म्हणजे युनानी; चारमिनाराजवळचा निजामिया दवाखाना तिचे मुख्य ठाणे, आणि मोठ्या गावांत हकीम व त्यांचे मतब. हकिमांच्या औषधांची रुची वैद्यांहून भिन्न असे. शरबत, माजून, खमीरा, गुलकंद: नुसती नावे ऐकली तरी तोंडाला पाणी सुटावे. त्यांच्या जोशांद्यातही ज्येष्ठमध, उन्नाब, भोकर अशी मवाळ द्रव्ये. मात्र त्यांचाही काही दिवस आधी दोष पिकवण्यासाठी मुंजिज द्यावयाचा आणि मग मुसहिल म्हणजे रेचक द्यावयाचे, असा एक शिस्तीचा क्रम असे, आणि तो मध्येच सोडणाऱ्या रोग्याला हकीमसाहेब पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायला लावीत. हिंदू घरातला रोगी हकिमाकडे आणि मुसलमान घरातला वैद्याकडे जाई, यात कोणालाच नवल वाटत नसे. जीभ नाजूक असेल तर हकीम, ताप हट्टी असेल तर वैद्य, अशी लोकांनी आपापल्या सोयीची विभागणी करून टाकलेली होती. १९२० मध्ये हैदराबादेत हकीम मोइजुद्दीन फारुकी यांनी काढलेले ‘जिंदा तिलिस्मात’ तर पुढे मराठवाड्याच्या आठवडी बाजारांतून असे पसरले की पडसे, पोटदुखी, दाढदुखी यांपैकी काहीही होवो, त्या तपकिरी द्रवाचे दोन थेंब हा पहिला उपाय ठरला. तेही काही चवीचे नव्हे. नाकातोंडातून झणका निघाला म्हणजे औषध लागू पडले, हीच समजूत.

इंग्रजी औषधाने कडूची सत्ता खालसा केली असेल, असे आजच्या वाचकाला वाटण्याचा संभव आहे. घडले उलटेच. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू ओळखला तो सिकंदराबादेस, निजामाच्याच मुलखातील छावणीत. आणि त्या जंतूवर जे औषध लागू होते ते कोयनेल कडूपणात कोणत्याही काढ्याला हार जाणारे नव्हते. सरकारी दवाखान्यातील मिश्रणाच्या बाटलीवर कागदाच्या पट्टीने मात्रांच्या खुणा केलेल्या असत आणि आत कडूजहर पाणी असे. तत्पूर्वीच, १८६८ मध्ये, एडवर्ड वेअरिंग यांनी सिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या सरकारी औषधसूचीत किराईत, गुळवेल, लिंबाची साल आणि सागरगोटा यांना स्थान मिळाले होते. त्यामुळे मराठवाड्यातील माणसाच्या मनात जी खूणगाठ होती, की तापाचे औषध कडूच असावयाचे, ती दवाखान्याने सोडवली नाही. उलट तिच्यावर शिक्कामोर्तब केले. खूणगाठ चूक की बरोबर? कोयनेलाचा गुण त्याच्या कडूपणात नसून त्याच्या घटनेत आहे, आणि कडू असूनही निरुपयोगी किंवा विषारी अशी झाडे रानात खंडीभर आहेत, हे आपण जाणतो. नवजात बालकाला लिंबाचे तेल पाजणे प्राणावर बेतू शकते, हेही आता डॉक्टरांना पक्के ठाऊक आहे.

काढ्याच्या मर्यादा उघड्या पडल्या त्या १९१८ साली. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीने गावेच्या गावे आडवी केली. काढा करणारी बाई आणि काढा पिणारा रोगी एकाच वेळी अंथरुणाला खिळल्यावर चुलीवर मडके ठेवायचे कोणी? निजामाच्या राज्याची लोकसंख्या १९११ च्या खानेसुमारीत सुमारे १ कोटी ३४ लाख होती, ती १९२१ मध्ये सुमारे १ कोटी २५ लाखांवर आली. त्या साथीवर वैद्याकडे उपाय नव्हता, हकिमाकडे नव्हता आणि सिव्हिल सर्जनकडेही नव्हता. तेव्हा एकट्या काढ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्यायाचे होणार नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली, १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि ज्या शास्त्राला दौलतीच्या काळात दुय्यम मान होता त्याला नांदेडात सरकारी छप्पर मिळाले. तेथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात ते पदवीपर्यंत शिकवले जाऊ लागले. शासकीय रसशाळेच्या पाटीवर आयुर्वेदिक आणि युनानी ही दोन्ही नावे शेजारी शेजारी आली. पुढे लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेपासून वेगळा जिल्हा झाला, त्यातील उदगिरातही आयुर्वेदाचे महाविद्यालय उभे राहिले. औषधविषयक कायद्याच्या १९६४ च्या दुरुस्तीने देशी औषधांच्या निर्मितीला परवाना आणि तपासणी यांची कलमे लागू झाली. अत्ताराच्या दुकानात काडी चावून होणारी परीक्षा प्रयोगशाळेत गेली, हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर मडके गेले, अष्टमांश गेला, आणि भरड विकत घेऊन रोज सकाळी पाऊण तास चुलीपाशी उभे राहणारे माणूसही गेले. त्यांच्या जागी घनवटी आली, गूळ-साखर घालून आंबवलेले आसव आले, आणि मात्रा ठरवण्याचे काम बाटलीच्या झाकणाकडे गेले.

घरातली मोजदाद नाहीशी झाल्यावर काय होते ते २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत दिसले. ज्या घरांत दहा-वीस वर्षे काढा झाला नव्हता तेथे तो दिवसातून तीनदा होऊ लागला, गुळवेल महिनोन्महिने उकळली गेली, आणि २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती नोंद नाकारून, वनस्पती ओळखण्यातच चूक झाली असावी, असा आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. माझे लक्ष वेधले ते एवढ्यानेच, की जुन्या वहिवाटीत या दोन्ही संकटांवर पहारा होता: सात दिवसांनी काढा थांबवणारी आजी होती, आणि वेल ओळखणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता. दूरचित्रवाणीवरून ऐकून उकळलेल्या काढ्याला यांपैकी एकही लाभला नाही.

आज नांदेडात वा लातुरात वैद्यांकडे जाणारा रोगी बहुधा आरंभीच सांगतो, ‘वैद्यराज, काढा नको, गोळ्या द्या’. आणि वैद्यही गोळ्याच देतात, कारण न प्यालेल्या काढ्यापेक्षा गिळलेली गोळी बरी. यावरून काही वयोवृद्ध मंडळी शास्त्राचा तेजोभंग झाल्याचा शोक करतात. त्यांनी चरकसंहितेचे कल्पस्थान उघडून पाहावे. गेळफळाचे, म्हणजे वांती करवणाऱ्या एका उग्र द्रव्याचे, १३३ योग तेथे सांगितले आहेत, आणि त्यांत नुसते काढे आणि चूर्णे नाहीत. मोदक आहेत, अपूप आहेत, शष्कुली आहेत. जिभेला चकवून औषध पोटात पोचवण्याचा हा खटाटोप दोन हजार वर्षांच्या घरातला आहे, आणि नांदेडच्या रसशाळेतली गोळी त्याच खटाटोपाचा चालू हप्ता आहे.